ओल्या पडद्याची मागची बाजू

महाल, नागपूर
रविवार, ६ नोव्हेंबर १९३८

वहिनी,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यातच तीन कागद फुकट गेले. तुझ्या नावामागं लोक आता जे लिहितात ते लिहायला हात धजावेना, आणि पूर्वी लिहीत होते ते लिहून चालणार नाही. म्हणून नुसतं वहिनी. दहा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणाचं काही बरंवाईट झालं असेल असं समजून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत. मी प्रेमिला, तुझी नणंद. अक्षर ओळखू येणार नाही, फार वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे.

पत्राचं कारण सिनेमा. हस, खुशाल हस.

यांच्या छापखान्यात शहरातल्या सिनेमांच्या जाहिराती छापतात, त्यामुळे दर आठवड्याला घरी दोन पास येतात. यांना अंधारात बसलं की झोप लागते. तेव्हा पास वाया जाऊ न देण्याची जबाबदारी माझ्यावर आणि सासूबाईंवर येऊन पडली आहे, आणि आम्ही दोघी ती अगदी मन लावून पार पाडतो. एरवी मी उंबऱ्यापर्यंत गेले तरी त्या विचारतात, कुठं चालली. पण सिनेमाचा दिवस आला की त्याच आधी पदर सावरून दारात उभ्या. तू त्यांना एकदाच पाहिलं आहेस, तेही दाराच्या फटीतून. जयवंताबाई. ठेंगण्या, बारीक डोळ्यांच्या.

मागच्या आठवड्यात एक बोलपट पाहिला, व्यापाऱ्याच्या मुलीचा आणि तिच्या बोलक्या पोपटाचा. पोपट खोटा होता, शेपटीचा दोरा आम्हाला वर गॅलरीतूनसुद्धा दिसत होता, पण सगळ्यांत चांगलं काम त्याचंच. नायक मात्र नुसता गोरा. त्याच्या छातीत गोळी लागते आणि त्यानंतर तो आख्खं गाणं म्हणतो, तेही तीन कडव्यांचं. सासूबाईंना राहवेना. सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढं रगत गेल्यावर याले सूर कसा लागून राहिला वं?" मग त्या गाण्यात कोणी रडलंच नाही. समोरच्या रांगेतली एक बाई तर पदर तोंडात कोंबून बसली होती.

त्याच्या आधीचा बरा होता. त्यात एक बाई स्वतः मोटार हाकते आणि दरोडेखोरांच्या मागं लागते. धूळ काय, उड्या काय! मला फार आवडला. सासूबाई शेवटपर्यंत गप्प होत्या, आणि घरी येताना एवढंच म्हणाल्या, "हिले सासू नाही वाटते."

तरी वहिनी, बोलपटांत माझं मन पूर्ण रमत नाही. ही माणसं फार बोलतात. आपण तंबूत मूकपट पाहायचो तेव्हा बोलायचं काम तुझ्याकडं होतं. राणी ओठ हलवायची आणि तू माझ्या कानात म्हणायचीस, "आता काहून आला गा? जेवन निवून गेलं." सगळ्या राण्या, सगळ्या राक्षसिणी आपल्या नागपूरचंच बोलायच्या. परवा पडद्यावरची राणी शुद्ध बोलायला लागली तेव्हा मला ती तोतया वाटली.

मला एक मुलगी आहे, पुष्पलता. पाच वर्षांची झाली. हट्टी आहे.

उत्तर आलंच पाहिजे असं नाही. पण सिनेमाबद्दल बोलावं असं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही, हे खरं.

तुझी
प्रेमिला


महाल, नागपूर
रविवार, २७ नोव्हेंबर १९३८

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र भेटलं. बरी आहो. मी सिनेमा पायत नाही. गोपिका." तीन वाक्यं आणि नाव. मी ती पुनःपुन्हा वाचली. इतवारीच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागं मी तुला कोळशानं अक्षरं काढून दाखवायचे आणि बाबांची चाहूल लागली की तू पदरानं पुसून टाकायचीस. तुझा 'ग' अजून तसाच आहे, पोट फुगलेला. सिनेमा पाहत नाहीस तर नको पाहूस, मी पाहते आणि सांगते. उलट बरंच झालं, मी काहीही ठोकून दिलं तरी तू मला पकडू शकणार नाहीस.

या आठवड्यात एक कौटुंबिक बोलपट पाहिला. सोसणारी सून. पहिल्या दहा मिनिटांत तिच्यावर चोरीचा आळ येतो, आणि दागिना कोणी घेतला हे तिला माहीत असतं. पण ती बोलत नाही. अडीच तास बोलत नाही. धुणी धुते, मार खाते, देवापुढं गाते, आणि शेवटी मरते, मग सगळे जण हंबरडा फोडतात. आमच्या सज्जात रडण्याचा नुसता पूर आला होता. सासूबाईंचा पदर ओला झाला. आणि घरी आल्याबरोबर त्याच पदरानं डोळे पुसत त्या मला म्हणाल्या, वरणात मीठ जास्त पडलं होतं सकाळी.

मला मात्र रडू आलं नाही, रागच आला. एक शब्द बोलली असती तर सगळा सिनेमा अर्ध्या तासात आटोपला असता. आणि ती बोलत नाही ती नाही, ज्या नणंदेनं दागिना घेतलेला असतो ती तरी बोलावी! ती खांबाआड उभी राहून नुसती ओठ चावते. त्या नणंदेचं काम करणारी मुलगी मला अजिबात आवडली नाही. इतकी वाईट वाटली की तिच्या प्रवेशाला मी मान खाली घातली.

हे मी म्हणते आहे. का, ते धीर झाला की लिहीन.

पुष्पीबद्दल मागं लिहिलं ते अर्धं लिहिलं होतं. दसऱ्याला पाटीपूजन केलं, तर तिनं पेन्सिल डाव्या हातानं उचलली. जेवते डाव्यानं, फुलं वेचते डाव्यानं, मांजराला मारते तेही डाव्यानं. सासूबाई म्हणतात, शाळेत घालायच्या आत हात वळवला पाहिजे, नाहीतर मास्तर पट्ट्या मारतील आणि पुढं लग्नाच्या वेळी पाहुणे उठून जातील. म्हणून आता जेवायला बसली की तिचा डावा हात चिंधीनं कमरेला बांधतात.

बांधतात म्हणजे, मी बांधते. सासूबाई सांगतात आणि मी बांधते. गाठ सैल मारते, पण मारते. पुष्पी रडत नाही, माझ्याकडं पाहते फक्त.

तुझ्या भावाला, भैयाजींना, नमस्कार सांग. नदीच्या रेतीत तुम्ही डांगरवाडी लावता असं आमच्याकडं येणाऱ्या एका बाईनं सांगितलं. उन्हाळ्यात बाजारात टरबुजांबरोबर कन्हानची डांगरं येतात तेव्हा मी नेहमी विचारते कोणाच्या वाडीतली. त्यांना माहीत नसतं.

तुझी
प्रेमिला


महाल, नागपूर
रविवार, ११ डिसेंबर १९३८

वहिनी,

आज तुला जे सांगायचं आहे ते नीट क्रमानं सांगते, कारण माझंच डोकं अजून ठिकाणावर नाही.

सीताबर्डीच्या एका थेटरात हल्ली रविवारी सकाळी जुने मूकपट दाखवतात. खाली एक म्हातारा पेटी वाजवतो, कधी पडद्याकडं पाहून, कधी न पाहता. आज आम्ही गेलो. दिवे गेले, आणि पडद्यावर आला तो वनवासी राजपुत्र! तोच गं. आपण तंबूत पाहिलेला. मी नऊ वर्षांची होते आणि तू सोळा. इतवारीबाहेरच्या मैदानात तंबू होता, मधोमध कापडाचा पडदा. मशीन आणि पुरुष एका बाजूला, आपण बायका पडद्याच्या मागं. चित्र आरपार दिसावं म्हणून दोन गडी आधी पडदा पाण्यानं भिजवायचे आणि ते शिंतोडे आपल्या अंगावर यायचे. तू म्हणायचीस, प्रयागाचं पाणी आहे, तोंड पुसू नको.

मी सासूबाईंना हळूच सांगितलं, आता पाहा, हा ऋषीकडं डाव्या हातानं जेवेल. राजपुत्र पानावर बसला आणि उजव्या हातानं जेवला. मला वाटलं माझी आठवण चुकली. मग लढाई. तलवार उजव्या हातात. मग देवी प्रगट झाली, आणि तिनं हात उचलला तो उजवा.

घरी आल्यावर यांना विचारलं. हे दिवसभर छापखान्यात उलटे खिळे जुळवतात, यांना उलटसुलट लगेच कळतं. जेवता जेवता म्हणाले, "त्यात काय? कापडाच्या मागून पाह्यलं तर उलटंच दिसन. उजवा तो डावा, डावा तो उजवा." एवढंच, आणि भात मागितला.

वहिनी, आपण उलटीकडून पाहिलं होतं! मध्येमध्ये अक्षरांची पाटी यायची ती आपल्याला गिचमिड दिसायची, आणि सगळ्या बायका म्हणायच्या, इंग्रजी असेल. वाचता कोणाला येत होतं? देवाधर्माच्या काळी थोर माणसांचा हात डावाच असतो, असं तुझं ठाम मत झालं होतं, आणि माझंही. मी आज भांडी घासता घासता एकटीच इतकी हसले की मांजर पळून गेलं.

पण हसणं थांबल्यावर दुसरी गोष्ट आठवली.

तंबूतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. तेव्हा माझा हात बाबा बांधायचे. दादाच्या जुन्या धोतराची चिंधी होती. बाबा, दादा आणि मी जेवायला बसलेलो, तू वाढत होतीस. लग्न होऊन तुला वर्ष झालं होतं आणि बाबांशी तू अजून एक शब्दही बोलली नव्हतीस. वरणाची वाटी खाली ठेवून तू म्हणालीस, "मामाजी, एक सांगू का? काल पडद्यावर पायलं. राजाचा पोरगा डाव्या हातानं जेवत होता. तलवारबी डाव्या हातात. देवी आली, तिनंबी डावाच हात उचलला. मंग आपल्या प्रेमीचाच हात काहून बांधून राहिले?"

मला वाटलं आता घर कोसळतं. बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. ते दादाकडं वळले. "काय गा मधुकर, तू गेल्ता नं? खरं हाये का हे?"

दादानं पानावरून मान वर केली नाही. म्हणाला, "हो बाबा. डावाच होता."

"देवीचाबी?"

"देवीचाबी."

दादा जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. मुळात बोलायचाच कमी. बाबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चिंधी दिसली नाही.

वहिनी, दादा पुरुषांच्या बाजूला बसला होता. पडद्याच्या समोर. त्यानं सगळं सुलट पाहिलं होतं. त्याला ती पाटीही वाचता येत होती. राजपुत्र उजव्या हातानं जेवतो हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि तो बाबांच्या तोंडावर दोनदा खोटं बोलला. तुझी फजिती होऊ नये म्हणून, आणि माझा हात सुटावा म्हणून. आणि नंतर त्यानं ते तुला सांगितलंही नसणार, कारण सांगितलं असतं तर तू मला सांगितल्याशिवाय राहिली नसतीस.

घर सोडून जाताना तू मला एकच वाक्य बोलली होतीस, "तुह्या भावाले तोंडच नाही." ते माझ्या मनात दहा वर्षं आहे, आणि ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही, हे आज कळलं. कळल्याबरोबर तुला कळवलं नाही तर मला पाप लागेल.

आणि तुझे आभार. हे मी कधीच म्हटलं नाही. तुझ्या त्या चुकीच्या देवीमुळं माझा हात सहा वर्षं मोकळा राहिला. त्या सहा वर्षांत मी लिहायला शिकले, रांगोळी शिकले, तुला अक्षरं काढून दाखवली. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं मोजायला बसले तर तिथूनच सुरुवात करावी लागते. तू सोळा वर्षांची होतीस गं, आणि बाबांपुढं मोठे मोठे लोक बोलत नव्हते.

ही पत्रं मी डाव्या हातानं लिहिते आहे. सासूबाई दुपारी पडतात तेव्हा. उजव्या हाताचं माझं अक्षर चांगलं आहे, वळणदार आहे, पण तुला त्या हातानं लिहावंसं वाटलं नाही. हात फार दिवसांनी चालतोय म्हणून अक्षर असं.

अजून एक गोष्ट राहिली आहे. आज लिहिण्याची हिंमत नाही.

तुझी
प्रेमिला


महाल, नागपूर
रविवार, १ जानेवारी १९३९

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही. रागावली असशील, किंवा वाडीचं काम असेल. मी आज राहिलेली गोष्ट लिहून टाकते, मग तू रागाव.

जयवंताबाई मला पाहायला आल्या त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं पानाचा डबा सरकवला आणि सुपारी कातरायला सांगितली. मुलीचा हात पाहायची त्यांची तीच रीत. मी अडकित्ता डाव्या हातात धरला. मला भानही नव्हतं.  बाबांनी विचारलं, "हे कोनं शिकवलं तुले?"

मी म्हटलं, "वहिनीनं. मी उजव्याच हाताची होती. तिनंच मले डाव्याची सवय लावली."

कोणी मला असं बोल म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं. मी तुझ्यावर ढकललं आणि मोकळी झाले. जयवंताबाई म्हणाल्या, "सवय हाये नं, मंग जाईन." लग्न ठरलं. आणि आठ दिवसांनी बाबांनी भैयाजींना बोलावून तुला चार दिवसांसाठी म्हणून कन्हानला पाठवलं, आणि ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. दादा बंडीला तुझं गाठोडं बांधत होता आणि गप्प होता. तो गप्प होता हे तुला दिसलं. मी काय बोलले ते तुला कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. तीन वर्षांनी दादा तापानं गेला तेव्हाही मी तुझ्यासमोर आले नाही. बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिले. आता बाबाही नाहीत. खरं सांगायला एवढी एक तूच उरली आहेस.

तुझ्याविरुद्ध बोललेल्या त्या दोन-तीन वाक्यांवर माझा संसार उभा आहे. चांगला चालला आहे, हे लिहितानाच लाज वाटते.

आता परवाचं सांगते. शुक्रवारी जेवताना पुष्पीचा हात बांधलेला होता. उजव्या हातानं घास नीट जाईना, वरण पोलक्यावर सांडलं. सासूबाई म्हणाल्या, "हे त्या तुह्या वहिनीचं खूळ हाये. तुह्या अंगातून पोरीत आलं. त्या बाईनं तुहा हात बिघडवला."

हे जेवत होते. मी पुष्पीजवळ बसले आणि चिंधी सोडली. म्हटलं, "आत्याबाई, वहिनीनं माहा हात नाही बिघडवला. मी जन्माचीच डावखुरी हाव. पाहायला आले तवा मी तुमच्याशी खोटी बोल्ली. तिच्यावर आळ घेतला अन् तिचं घर गेलं."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे तू आमाले फसवलं?"

"हो."

"दहा वर्सं?"

"हो."

त्या यांच्याकडं वळल्या. "रुपराव, आयकून राहिला का?" वहिनी, जेवणारा पुरुष, उभी बाई आणि मध्ये पोर, मी हे आधी पाहिलेलं होतं. यांनी घास गिळला. म्हणाले, "मले ठाऊक होतं, आई. दुपारी एकडाव घरी आल्तो, ही डाव्या हातानं लिहीत बसली होती. अक्षर वाईट होतं, पन लिहीत मोठी मजेत होती. पोरीचा हात नका बांधू आता."

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणीसुद्धा स्वतः घेतलं. मला वाटलं आता हे जन्मभर चालेल. आज सकाळी अंगणात उभ्या राहून कोणाकडंही न पाहता म्हणाल्या, "पास आले का?" आले होते. पुष्पीलाही घेऊन गेलो. मारामारीचा सिनेमा होता, फार काही नव्हता, गोष्टीला ना शेंडा ना बुडखा, खलनायकाची मिशी एका बाजूनं सुटली होती आणि तो ती गालाला दाबत दाबत धमक्या देत होता. मध्यंतरात सासूबाईंनी पुड्यातले शेंगदाणे काढले आणि पुष्पीपुढं मूठ धरली. पुष्पीनं माझ्याकडं पाहिलं. मग डावा हात पुढं केला. सासूबाईंनी दाणे तिच्या त्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "सांडू नको."

हे सगळं तुझ्यामुळं, वहिनी. त्या दुपारी तू बोलली नसतीस, तर असं बोलता येतं हे मला कळलंच नसतं. दहा वर्षं उशीर केला, तो माझा. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते. नागपूरला ये. घर माझं आहे म्हणून सांगते, तुझंही आहे. सासूबाईंना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "येऊ दे, तिले मीबी नीट पाह्यलं नाही."

तुझी
प्रेमिला


कन्हान
संक्रांतीचा दुसरा दिस

प्रेमी,

तुही समदी पत्रं भेटली. मले लिव्हाले वेळ लागते, अन् रेतीत आळे कराचे दिस हायेत, म्हनून उत्तर देल्लं नाही. तू लय लिव्हते. एका पत्राले मले दोन दिस लागले.

तू पाव्हन्यापुढं काय बोल्ली ते मी आयकलं होतं. दाराआडच उभी होतो. पंधरा वर्साची पोर, समोर समदे मोठे मानसं, तू तरी काय करशीन. राग आला होता. दोन-तीन वर्सं राह्यला, मंग डांगराच्या कामात कवा गेला ते समजलं नाही. तू आता सासूपुढं खरं बोल्ली, ते बेस केलं. माह्यासाठी नाही, पोरीसाठी बेस केलं. तिचा हात पुन्हा बांधू नको, कोनी काही म्हनो.

पडदा उलटा होता हे मले ठाऊक नव्हतं. मी तर आतापर्यंत समजत होतो का देवीचा हात डावाच. भैयाजीच्या बायकोलेबी तेच सांगतलं होतं. तिले आता काय सांगू, तूच सांग.

शिमग्याच्या आंधी येतो. पुष्पीले पाहाचं हाये. तुह्या सासूलेबी पाहाचं हाये. सिनेमा दाखवशीन तर पाहीन, पन लय रडायचा नको.

आता एक लिव्हतो, ते कोनाले वाचून दाखवू नको. माहा खरा राग तुह्यावर नव्हताच. त्याच्यावर होता. बंडी निंगाली तरी त्यानं तोंड उघडलं नाही. मी वाट पायली, एक उन्हाळा, दोन उन्हाळे. तो आला नाही. मंग तो गेल्याचा सांगावा आला, तवा मी रडलो नाही. बाया तोंडावर बोलल्या का इचं काळीज गोट्याचं हाये. मी म्हटलं असन. ज्या मानसानं माह्या बाजूनं कवा एक शबद नाही काढला, त्याच्यासाठी काय रडू.

तुहं ते पडद्याचं पत्र पुरं वाचून झालं अन् घडी करून कमरेले खोसलं. चार दिस तसंच खोसून काम केलं. काल आळ्यात खत टाकता टाकता खाली बसलो अन् रडाले लागलो. आवरेच ना. भैयाजी धावत आला, म्हने, "काहून रडतं वं?"

म्या म्हटलं, "माह्या नवऱ्याचा निरोप आला."

तो घाबरला. म्हने, "बाई, त्याले जाऊन आठ वर्सं झाले."

म्या म्हटलं, "होवो. त्याले बोलाले वेळच लागे."

गोपिका